सात पत्रं आणि एक यार्ड

पत्राचा सारांश: पत्रलेखक गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये आहेत. त्यातली अकरा दुसऱ्यांच्या लॉऱ्या चालवण्यात गेली. आता मेहुण्याबरोबर स्वतःची मालवाहतूक कंपनी काढायची आहे. गावाच्या कडेचं एक जुनं धान्याचं गोदाम आणि त्यापुढचं आवार भाड्याने घ्यायचं ठरलंय. सहा लॉऱ्या आणि चार ट्रेलरसाठी (त्यात दोन फ्रिजचे) त्यांनी स्टँडर्ड ऑपरेटर लायसन्सचा (मालवाहतुकीच्या धंद्याच्या परवान्याचा) अर्ज केला आणि नियमाप्रमाणे स्थानिक पेपरात जाहिरात दिली. तीन आठवड्यांत सात घरांची पत्रं आली, शिवाय ४३ सह्यांचा एक अर्ज, पॅरिश कौन्सिलचं (इथल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळाचं) पत्र आणि खासदारांच्या ऑफिसातून एक. तक्रारी आवाजाच्या, धुराच्या, अरुंद रस्त्याच्या, घरांच्या किमतींच्या. एका पत्रात तर 'असल्या लोकांचा' धंदा गावात नको, असं एक वाक्य आहे. बायको म्हणते, अर्ज मागे घ्या. मेहुणा म्हणतो, मराठी मंडळातून दोनशे सह्या आणू आणि वकिलाची नोटीस पाठवू. ते विचारतात, "लढू की सोडू? आणि माझं आडनाव वेगळं असतं तर ही पत्रं आली असती का?"

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पत्रात तो शेवटी असला तरी तुमच्या मनात तोच पहिला आहे हे कळतंय.

आली असती का? बहुतेक आली असती. एखादं कमी आलं असतं, एखाद्याचा सूर मऊ असता. मी बरीच वर्षं इथल्या एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात फाइली सांभाळल्या. त्या कंपनीचे मालक याच मातीतले, तीन पिढ्यांचे. त्यांनी दुसरं यार्ड घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याविरुद्ध पंधरा पत्रं आली होती, आणि त्यातलं एक त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचं होतं. लॉरी कुणालाच शेजारी नको असते. आपल्याकडेही पेपरात 'हरकती मागवण्यात येत आहेत' अशी जाहीर नोटीस येते आणि ती कुणी वाचत नाही. इथे वाचतात. एवढाच फरक समजा.

पण ते 'असल्या लोकांचा' वाक्य तुम्ही चुकीचं वाचलंत, असं मी म्हणणार नाही. ते तसंच आहे. सल्ला इतकाच की उत्तरात त्याचा उल्लेखही करू नका. लायसन्सचा निर्णय देणाऱ्या ट्रॅफिक कमिशनरपुढे त्या वाक्याचं वजन शून्य आहे. तुम्ही त्याला उत्तर दिलंत की ते फाइलमध्ये दुसऱ्यांदा येतं, आणि मग बाकीची सहा साधी पत्रंही त्याच रंगात दिसायला लागतात. पत्र जपून ठेवा. पुढे धमकी, शिवीगाळ, गेटवर काही लिहिणं असा प्रकार झाला तर पोलिसांकडे जा, तो वेगळा रस्ता आहे. लायसन्सच्या रस्त्यावर ते ओझं घेऊ नका.

आता 'लढू की सोडू'. मला वाटतं तुम्ही आणि तुमच्या पत्नी, दोघंही एकच गोष्ट धरून चाललाय: हरकत आली म्हणजे गाव 'नाही' म्हणालं. गावाला तो अधिकारच नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये हे सगळं १९९५च्या मालवाहतूक लायसन्स कायद्याखाली चालतं आणि त्यात कुणी, कशावर, किती बोलायचं याच्या सीमा बऱ्याच आखीव आहेत. तुमच्याकडे आलेला गठ्ठा त्या सीमांतून गाळून बघा. तुम्ही समजता तेवढा तो जाड राहणार नाही.

खरी 'हरकत' घेण्याचा हक्क फक्त काही ठरावीक संस्थांना आहे: स्थानिक कौन्सिल, प्लॅनिंग खातं, पोलीस, काही ट्रेड युनियन आणि वाहतूकदारांच्या काही संघटना. पॅरिश कौन्सिल त्या यादीत नाही. खासदारही नाहीत. रहिवाशांना जे करता येतं त्याला कायदा निवेदन म्हणतो. ते ऑपरेटिंग सेंटरच्या, म्हणजे तुमच्या यार्डाच्या जवळपास ज्याची जागा किंवा राहतं घर आहे त्यालाच करता येतं, आणि तेही फक्त पर्यावरणाच्या मुद्द्यावर. इथे पर्यावरण म्हणजे आवाज, कंपनं, धूर, नजरेला खुपणं अशा गोष्टी, ज्यांनी त्याच्या स्वतःच्या जागेचा वापर किंवा उपभोग बिघडू शकतो. म्हणून ४३ सह्या ऐकून दचकू नका. त्यांचे पत्ते नकाशावर टाका. त्यातले निम्मे गावाच्या दुसऱ्या टोकाचे निघाले तर मला नवल वाटणार नाही.

याच कारणाने मेहुण्यांना माझ्यातर्फे सांगा की मंडळातल्या दोनशे सह्यांचा उपयोग नाही. विरोधाला कायद्यात जागा ठेवलेली आहे, पाठिंब्याच्या सह्यांना तशी जागा नाही. शिवाय पंधरा मैलांवरच्या लोकांनी 'हा माणूस फार चांगला' म्हणून सही केली तर यार्डाच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या बाईंना पहाटे किती ऐकू येतं, यावर ती सही काय बोलणार? आणि वकिलाची नोटीस तर अजिबात नको. शेजाऱ्याने कायद्याने दिलेला हक्क वापरला. त्यावर नोटीस गेली तर ती पुढच्या आठवड्यात कमिशनरच्या फाइलमध्ये असेल, तुमच्या स्वभावाचा दाखला म्हणून.

घरांच्या किमती कमिशनर बघत नाहीत. गावातल्या रस्त्यांवरच्या एकूण रहदारीचंही ते काही करू शकत नाहीत. त्यांचा विषय यार्ड आणि यार्डात गाड्या शिरण्या-निघण्याची जागा. अरुंद रस्त्याची तक्रार त्या तोंडापुरती मात्र लागू होते. वळताना समोरचं दिसतं का, लॉरीला मागे-पुढे करावं लागतं का, हे ते बघतात आणि त्यावर अटही घालू शकतात. प्लॅनिंगची परवानगी हे कौन्सिलचं वेगळं खातं आहे. गोदाम शेतमालासाठी वापरात होतं, याचा अर्थ तिथे लॉऱ्यांचा डेपो चालेल असा होत नाही. लायसन्स मिळालं म्हणून प्लॅनिंग मिळालं असं नाही, आणि प्लॅनिंग मिळालं म्हणून लायसन्स मिळालं असंही नाही. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी हे तपासलंय ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि मला तीच गोष्ट सात पत्रांपेक्षा जास्त खटकली.

तारखाही बघा. रहिवाशांचं निवेदन जाहिरात छापून आल्यापासून २१ दिवसांत पोहोचायला हवं, आणि त्याची प्रत त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी तुम्हालाही पाठवायला हवी. सातपैकी एखादं यात बसत नसेल. तसं असेल तर नोंद करा, पण त्यावर नाचू नका. अपवादात्मक परिस्थितीत कमिशनर उशिराचंही ऐकून घेऊ शकतात, आणि पत्र बाद झालं तरी ते लिहिणारा माणूस कुंपणापलीकडेच राहणार आहे.

गाळून झाल्यावर माझ्या अंदाजाने तुमच्या हातात तीन-चार घरं उरतील. खरं काम त्यांच्यापाशी आहे, आणि ते वाद घालण्याचं काम नाही.

एक करा. एखाद्या पहाटे पावणेपाचला यार्डाच्या मागच्या कुंपणापाशी जाऊन नुसते उभे राहा. तुम्ही अकरा वर्षं केबिनमध्ये बसलात, म्हणजे लॉरीचा आवाज तुम्ही आतून ऐकलाय. बाहेरून ऐका. थंड इंजिन सुरू होतं. ब्रेकच्या टाक्यांत हवा भरेपर्यंत ते चालू ठेवावं लागतं, तेवढ्यात ड्रायव्हर दिवे, टायर, आरसे बघत फेरी मारतो, दार दोनदा आपटतो. मग ब्रेक सुटल्याची ती फुस्स. मग गाडी मागे घेताना बीप, बीप, बीप. आपल्याला ही दहा मिनिटं म्हणजे नेहमीचं काम. पलीकडे बेडरूमची खिडकी असेल तर तिथल्या माणसाची ती झोपमोड असते, आणि अशा सहा गाड्या असतील तर एक तास.

आता यातलं किती तुमच्या हातात आहे ते बघा. गाड्या संध्याकाळी उलट्या लावायच्या, तोंड गेटकडे. मग पहाटे मागे घ्यायचा प्रश्नच येत नाही आणि बीप संध्याकाळी सहाला वाजतो, जेव्हा कुणी झोपलेलं नसतं. ज्या गाडीला सर्वांत आधी निघायचंय ती घरांपासून सर्वांत लांब उभी करायची. जागा असेल तर आवारात गोल फिरून बाहेर पडता येईल अशी आखणी करायची. बीपऐवजी खरखरीसारखा आवाज करणारे रिव्हर्स अलार्म मिळतात, ते गाडीमागच्या माणसाला नीट ऐकू येतात पण लांबवर टोचत नाहीत. हवा गळणारी गाडी टाकी भरायला जास्त वेळ घेते, म्हणजे गळती वेळेवर काढणं हासुद्धा शेजारधर्मच झाला.

आणि फ्रिजचे ट्रेलर. तुमच्या पत्रात ते अर्ध्या ओळीत आहेत, पण मी त्या गावात राहत असते तर माझं अख्खं पत्र त्यांच्यावर असतं. लॉरी निघून जाते. माल भरून रात्री उभा असलेला फ्रिज ट्रेलर मात्र डिझेलवर रात्रभर चालू-बंद होत राहतो, आणि दर वेळी सुरू होताना झोपलेल्याला जागं करतो. बऱ्याच ट्रेलरना विजेवर चालायची सोय असते. यार्डात थ्री-फेज जोडणी घेता येते का, किती लागेल, हे आजच विचारा. 'रात्री यार्डात फ्रिज डिझेलवर चालणार नाही' हे एक वाक्य तुम्ही खरेपणाने लिहू शकलात तर निम्मं काम झालं असं मी म्हणेन. जोडणी परवडत नसेल तर भरलेले फ्रिज ट्रेलर रात्री तिथे उभेच करायचे नाहीत, असं धंद्याचं गणित बसतं का ते बघा.

हे सगळं कागदावर आणल्यावर त्या तीन-चार घरी जा. एकटे जा किंवा पत्नीला घेऊन जा. मेहुणे घरीच बरे, राग मानू नका. पेढे नको, यार्डाचा मोजून काढलेला नकाशा न्या. 'तुमचं पत्र मागे घ्या' हे वाक्य दारात उच्चारू नका. 'तुमची खिडकी यातली कुठली?' असं विचारा आणि तिच्यावर पेन्सिलने खूण करू द्या. दार लावून घेतलं तर चिठ्ठी ठेवून परत या. कुणाशी काय बोलणं झालं ते तारखेसह लिहून ठेवा.

मग येतो अटींचा भाग. मला वाटतं लोक इथे सर्वांत जास्त फसतात, तेही चांगुलपणापोटी.

कमिशनर लायसन्स नाकारण्याऐवजी अटी घालून देऊ शकतात: गाड्या किती आणि कोणत्या, कुठे उभ्या करायच्या, कोणत्या वेळेत काम चालेल, आत-बाहेर कसं जायचं. तुम्ही स्वतःहून अटी सुचवल्या, त्या शेजाऱ्यांना पटल्या आणि त्यांनी निवेदनं मागे घेतली, तर सुनावणीशिवायही प्रकरण सुटू शकतं. म्हणून समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचा मोह होतो. आमच्या ऑफिसात तेच झालं. पंधरा पत्रांनी मालक इतके वैतागले होते की 'शनिवारी संध्याकाळी सहानंतर एकही गाडी आत-बाहेर नाही' ही अट त्यांनी डोळे मिटून मान्य केली. लायसन्स मिळालं. दुसऱ्याच महिन्यात एक ड्रायव्हर मोटरवेवर अडकला आणि सहा पंचवीसला गेटवर आला. समोरच्या घरातून फोटो निघाला, कमिशनरच्या ऑफिसला पत्र गेलं. पुढे कितीतरी शनिवार आमच्या गाड्या पैसे भरून ट्रकस्टॉपवर झोपल्या. अट मोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यावरून लायसन्सवरही कारवाई होऊ शकते. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अपघात, रस्ताबंदी आणि ही विश्रांती धरून तुमची शेवटची गाडी अगदी वाईट दिवशी किती वाजता परत येईल, तो आकडा काढा. त्याच्या अलीकडची वेळ कबूल करू नका, समोर कितीही गोड बोलणारे आजोबा असले तरी. हवं तर वेगवेगळ्या वेळा मागा: गाड्यांच्या ये-जा करण्याची वेळ मोठी, आणि आवारात माल चढवण्या-उतरवण्याची, धुण्याची, दुरुस्तीची वेळ लहान. शेजाऱ्याला बहुतेक दुसरीच जास्त छळते.

पत्नीचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. मागे घेणं हाही पर्याय आहे, पण तो निवडायचा असेल तर या जागेत काम बसत नाही म्हणून निवडा. पत्रांना घाबरून नको. पहाटेचं काम तुमच्या धंद्याचा कणा असेल, फ्रिज हलवता येत नसतील आणि बेडरूमची खिडकी कुंपणापासून वीस पावलांवर असेल, तर औद्योगिक वसाहतीतली महाग जागा पाच वर्षांत स्वस्त पडेल. पाच वर्षं हा आकडा मी उगाच घेतला नाही. लायसन्स दिल्यावरही दर पाच वर्षांनी ऑपरेटिंग सेंटरचा फेरविचार करता येतो, आणि दरम्यान साचलेल्या तक्रारी तेव्हा वर येतात.

मधला मार्ग म्हणजे सहाऐवजी तीन गाड्यांनी सुरुवात. शेजाऱ्यांना ते लगेच पटतं. पण पुढे संख्या वाढवायची झाली की पुन्हा अर्ज, पुन्हा जाहिरात, पुन्हा हेच २१ दिवस. तीन गाड्यांवर दोन कुटुंबं दोन-तीन वर्षं निभतील का? निभत असतील तर मला हा मार्ग आवडतो, कारण दुसऱ्या वेळी तुम्ही अनोळखी नसाल. निभत नसतील तर आज तीन म्हणून उद्या सहाची घाई करणं म्हणजे त्याच माणसांना फसवल्यासारखं होईल, आणि तेव्हाची पत्रं जास्त कडू असतील.

या सगळ्याला वेळ लागेल, आणि वेळ म्हणजे पैसे. स्टँडर्ड लायसन्सला पहिल्या गाडीसाठी ८,००० पाउंड आणि पुढच्या प्रत्येकीसाठी ४,५०० दाखवावे लागतात, म्हणजे सहा गाड्यांचे ३०,५००. ते एक दिवस खात्यात टाकून भागत नाही, २८ दिवसांची सरासरी बघतात. कुंपण, थ्री-फेज, सल्लागाराची फी, सगळं याच खात्यातून गेलं तर हरकतींतून सुटाल आणि पैशांवर अडकाल. लायसन्स हातात येईपर्यंत गाड्यांचे हप्ते सुरू करू नका. तात्पुरतं लायसन्स मागता येतं, पण विरोध असताना त्याच्या भरवशावर राहू नका. आणि 'एखादी फेरी मारून येतो, कोण बघतंय' हा विचार मेहुण्यांच्या मनात आला तर त्यांना सांगा, लायसन्स नसलेली गाडी जागेवर जप्त होऊ शकते.

शेजारी कशालाच बधले नाहीत, तर कमिशनर कागदांवर निर्णय देतील किंवा पब्लिक इन्क्वायरी, म्हणजे जाहीर सुनावणी, ठेवतील. नावाने घाबरू नका. तिथे तुम्हीही बोलता, शेजारीही बोलतात. ज्या अर्जदाराने खिडक्या मोजल्या आहेत, रात्रीच्या फ्रिजचं उत्तर ज्याच्याकडे आहे आणि न पाळता येणारी वेळ ज्याने आधीच नाकारली आहे, त्याच्याशी कमिशनरना मुद्द्याचं बोलता येतं. वाहतुकीच्या कामातला सॉलिसिटर घ्यायचाच असेल तर या टप्प्यासाठी पैसे राखून ठेवा. निर्णय विरुद्ध गेला तर एक महिन्याच्या आत तुम्ही अपर ट्रायब्युनलकडे, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाकडे, अपील करू शकता. निवेदन करणाऱ्या रहिवाशांना तो हक्क नाही. हे त्यांना ठाऊक असतं किंवा नसतं, तुम्ही मात्र त्यांना ऐकवू नका.

आणि आज रात्री एक छोटं काम. तुमची जाहिरात आणि तुमचा अर्ज शेजारी ठेवा. जागेचा पत्ता, पोस्टकोड, गाड्या सहा, ट्रेलर चार, हे दोन्हीकडे तंतोतंत तेच आहे का बघा. जाहिरात चुकीची असेल तर सात पत्रांपर्यंत गोष्ट जाणारच नाही, अर्ज तिथेच पडेल. चूक सापडली तर उद्या सकाळी लायसन्सिंग ऑफिसला स्वतः फोन करा. अर्ज केल्याच्या तारखेच्या आधीचे २१ आणि नंतरचे २१ दिवस, एवढीच जाहिरातीची मुदत असते, आणि तुमची बहुतेक संपत आली असेल.